पन्नास दिवसांचं पीक

"तीन बिघ्यांचं रान मोकळं पडलंय, पण महाराणीला बसायला पेनल्टी बॉक्सच लागतो."

बाळकृष्ण हे म्हशीला म्हणाला की स्वतःला, कुणास ठाऊक. म्हैस केव्हाच उठून गेली होती. मागं शेणाचा पो उरला होता आणि ओल्या मातीत तिच्या अंगाएवढा खळगा. कांचन हातभर अंतरावर फावडं घेऊन उभी होती म्हणून तिला ऐकू आलं.

"ओल तिथंच आहे, म्हणून बसते," ती म्हणाली. "बाकी तुम्ही पाणी मारलंय कुठं?"

तो गुडघ्यावर हात देऊन खाली बसला आणि हातानंच खळगा भरायला लागला. सकाळचे सहा वाजले होते, तरी जूनचं ऊन पाठीला टेकलं होतं. लखनौच्या अमौसी विमानतळावरून उठलेलं विमान डोक्यावरून गेलं, चाकं पोटात घेताना दिसावीत इतकं खालून. दोघांपैकी कुणी मान वर केली नाही.

पाणी नव्हतं असं नाही. मैदानाच्या उत्तरेला रामसजीवनची बोअर होती आणि वीस-बावीस वर्षं तिचा पाइप बांधावरून मैदानात येत होता. जागा ताब्यात घेण्याची सरकारी नोटीस लागली म्हणून रामसजीवननं काही तो बंद केला नव्हता. बाळकृष्णानंच मागायचं बंद केलं होतं. आता रोज स्कूटरवर पायापाशी दोन कॅन ठेवून घरून पाणी आणायचं, चार खेपा करायच्या आणि दोन्हीकडचे पेनल्टी बॉक्स तेवढे भिजवायचे. एकसष्टीचा माणूस. कॅन उचलताना कमरेत कळ आली की ओठ दाबायचा, आणि कांचननं बघितलं की कॅनचं झाकणच घट्ट करत असल्यासारखं करायचा.

गोलखांबाच्या मागं लाल डोक्याची खुंटी ठोकलेली होती. तशा सात खुंट्या मैदानाला वेढून होत्या. इथून पुढे बंथरा गावाच्या अंगाला नवी वसाहत होणार होती, प्लॉट पडणार होते. सरकारी कागदात जागेला खेळाचं मैदान लिहिलेलं असतं तर तिला हात लावणं अवघड होतं. पण कागदात ती होती शेतजमीन. कसणाऱ्याच्या रकान्यात नाव, रामसजीवन वल्द बिंदा.

नाव तिथं कसं गेलं, ह्यावर फुटबॉल क्लबात दोन महिने बोलणं चाललं होतं. फक्त जे ठाऊक होतं तेवढं सोडून.

*

बाळकृष्ण शिरोळकडचा. उसाला पाणी पाजून पाजून वडिलांची सगळी जमीन मिठानं फुटली, म्हणून घरातून एक पोरगा हवाई दलात गेला. इंजिनं दुरुस्त करत तो देशभर हिंडला आणि शेवटी लखनौला आला. एका संध्याकाळी सायकलवरून जाताना त्याला हा पांढरा माळ दिसला. इकडचे लोक त्याला ऊसर म्हणत. धोबी वरची भुकटी खरवडून कपडे धुवायला नेत. त्यापलीकडे त्या जमिनीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. म्हणूनच ती पोरांना खेळायला मिळाली होती. पोरं अनवाणी खेळत, टाचांच्या भेगांत खार जाई आणि ती एका पायावर नाचत बोंबलत. बाळकृष्ण उतरला, मातीची चिमूट जिभेवर ठेवली आणि घरी येऊन कांचनला म्हणाला, "अगं, आपल्या रानासारखीच लागती."

खारट मातीचं ते काय कौतुक. पण घरापासून पंधराशे किलोमीटरवर माणसाला कशाचंही होतं. कांचन तेव्हा हसली होती.

पुढची सगळी वर्षं त्या हसण्यात गेली, असं तिला आता वाटायचं.

त्यानं क्लब काढला. नाव हौसेनं प्रभात फुटबॉल क्लब ठेवलं, लोक म्हणायचे ऊसर इलेव्हन. जुन्या हातपंपांचे पाइप जोडून गोल उभे केले. आणि मैदान करायचं म्हणजे काय, तर शेतकऱ्याच्या पोराला जे ठाऊक होतं ते त्यानं केलं. आधी बांध घालायचे, जिप्समची पांढरी पूड टाकायची, मग पाणी कोंडून ठेवायचं म्हणजे मीठ खाली झिरपतं. मग धैंचा पेरायचा, तागासारखं हिरवळीच्या खताचं पीक. पन्नास दिवसांत तो छातीला लागतो, की फुलायच्या आधी नांगरून मातीत गाडायचा. एकदा करून भागत नाही, खार परत वर येतो. म्हणून दरवर्षी पावसात ऊसर इलेव्हनचं मैदान बंद. बाकीचे क्लब चिखलात खेळून सराव करत आणि ह्यांचे खेळाडू बांधावर उभे राहून पीक वाढताना बघत. दुसऱ्या क्लबांची माणसं विचारायची, फौजी भैया, ह्या वर्षी फुटबॉल किती क्विंटल होणार?

नांगरायला ट्रॅक्टर रामसजीवनचा, बियाणं त्याच्या ओळखीचं, पाणी त्याच्या बोअरचं. त्याला फुटबॉल कळत नव्हता. पण ऊसर हिरवं होतं हे बघायला तो रोज यायचा, रोलरवर बसायचा आणि बिडी संपली की जायचा.

जिप्सम मात्र सरकारी होतं. ब्लॉकच्या ऑफिसातल्या माणसानं सांगितलं की गोण्या शेतकऱ्याला मिळतात, खेळाच्या मैदानाला नाही. कसणाऱ्याचं नाव घाला आणि घेऊन जा. बाळकृष्ण फॉर्म घरी घेऊन आला. त्याचं हिंदी अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, म्हणून कांचननं पाटावर बसून तो भरला. मैत्रेयी तेव्हा मांडीवर होती. जमीन कोण कसतो? तिनं वर बघितलं. तो म्हणाला, "रामसजीवन घाल. गोण्यांपुरता कागद आहे." रामसजीवन ओट्यावर बसला होता. लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं नाही. त्यानं विचारलंही नाही, अंगठा दिला आणि चहा प्यायला.

गोण्या आल्या. सगळ्या क्लबनं तोंडाला रुमाल बांधून त्या फोडल्या आणि पसरल्या. कुणाच्या नावावर आल्या ते गोणीगोणीवर लिहिलेलं होतं.

मग भादव्यात लेखपाल, म्हणजे इकडचा तलाठी, आला, पिकांची नोंद करायला. तो दरवर्षी भादव्यातच यायचा, नेमका धैंचा उभा असताना. फुटबॉलच्या दिवसात त्याचं काही काम नसायचं. त्यानं हिरवं पीक बघितलं, कागदात नाव बघितलं, नोंद केली. पुढच्या वर्षी परत केली. अशा नोंदी साठत गेल्या आणि त्यांतून एक दिवस ऊसरचं शेत झालं, शेताला मालक झाला. इतक्या निगुतीनं जमीन राखली की ती मैदान आहे हे सरकारला कधी दिसलंच नाही.

*

शुक्रवारी दुपारी विजय अवस्थी घरी आला. आता तो कोर्टात वकिली करत होता आणि अंगानं सुटला होता, पण एकेकाळी ऊसर इलेव्हनच्या गोलमध्ये उभा राहायचा. कांचनला अजून भाभी म्हणायचा आणि जेवायला काय केलंय हे आधी विचारायचा. त्या दिवशी विचारलं नाही. कूलरसमोर बसला, पिशवीतून टाइप केलेली दोन पानं काढली आणि टेबलावर बाळकृष्णाकडे सरकवली.

रविवारी कानूनगो, लेखपालाच्या वरचा अधिकारी, मैदान बघायला येणार होता. त्याच्यासमोर क्लबच्या वतीनं हा जबाब द्यायचा, बाळकृष्णानं सही करायची. विजयनं सगळं समजावून सांगितलं, आवाज न चढवता, शाळेतल्या मास्तरसारखं. जबाबात म्हटलं होतं की मैदान पहिल्यापासून क्लबचं आहे, रामसजीवननं कर्मचाऱ्यांशी संगनमत करून फसवून स्वतःचं नाव चढवलं, क्लबला ह्याची काही कल्पना नव्हती. फसवणूक धरली गेली की नोंद रद्द होईल आणि मैदान वाचेल. दुसरा रस्ता त्याला दिसत नव्हता.

"आणि रामसजीवनचं?" कांचननं विचारलं.

विजय कूलरच्या पाण्याकडे बघत म्हणाला की फार तर केस होईल. म्हाताऱ्या माणसाला कोण आत टाकतं.

"विजय, तू गोण्या उचलल्या होत्यास ना?"

"भाभी, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो," तो म्हणाला. "बहुत सारी चीजें उचलायचो."

मैत्रेयी आतल्या खोलीत लॅपटॉपवर काम करत होती. बँकेत लागल्यापासून तिची रजाही अशीच जायची. विजय गेल्यावर ती दारात आली. सगळं ऐकलं होतं तिनं. "आई, पापा साइन करेंगे क्या?" तिला मराठी सगळं कळायचं, बोलायला मात्र हिंदीच यायची.

"त्यांना विचार," कांचन म्हणाली.

मैत्रेयीनं बापाकडे बघितलं. बाळकृष्ण पानं वाचत होता, एकेका ओळीखाली बोट धरून, इंजिनाचं पुस्तक वाचायचा तसं. ती विचारायची थांबली आणि परत आत गेली.

जेवताना त्यानं भाताचा एकच घास दोनदा कालवला. मग कांचन म्हणाली, "चार वर्षांपूर्वी रामसजीवनदादा आले होते. खतौनीचा कागद घेऊन, आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखा."

"माहीत आहे मला."

"दुरुस्त करून घ्या म्हणाले होते. माझं नाव काढा म्हणाले. कुणी म्हणतं का असं, जमीन माझ्या नावावर झालीय, ती काढा?"

"कांचन, दुरुस्त करायचं म्हणजे काय लिहून द्यायचं? की फॉर्म खोटा होता? पेन्शनर माणूस मी." त्यानं ताट पुढं सारलं. "करतो, करतो म्हणत राहिलो. राहिलं."

तो हात धुवायला उठला, तिनं ताट उचललं. पस्तीस वर्षांच्या संसारात न बोलण्याची त्यांना चांगलीच सवय झाली होती.

*

शनिवारी कांचन रामसजीवनकडे गेली. कशाला, ते तिनं घरी सांगितलं नाही, तिलाही नीट ठाऊक नव्हतं. जाताना डब्यात पन्हं घेतलं. पूर्वी ती ह्या घरात सरळ चुलीपर्यंत जायची. आज सुनेनं अंगणातच खुर्ची टाकली, ताटलीत बत्तासे आणि पेला आणून ठेवला आणि पदर पुढे ओढून आत गेली. पाहुणी केली तिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

रामसजीवन खाटेवर बसून सुंभ वळत होता. ट्रॅक्टर मुलानं विकला होता, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण तळहात अजून लाकडासारखे. पन्हं एका दमात प्यायला आणि मिशा पुसून म्हणाला, "बहू, बियाणं आणलं का? पाऊस पंधरा दिवसांवर आला. धैंचा पेरायला लागेल."

कांचनला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा ती म्हणाली, "दादा, खुंट्या ठोकल्यात तिथं."

"खुंट्यांच्या मधून पेरू. खार कुणासाठी थांबत नाही."

मुलगा गोठ्याच्या दारातून ऐकत होता. तो पुढं आला आणि उभ्या उभ्याच कांचनला म्हणाला की वकीलसाहेब काय लिहून आणतायत ते गावात सगळ्यांना कळलंय. बाप चोर आहे म्हणून लिहिलंय. आमच्या बापानं बावीस वर्षं फुकट पाणी दिलं, फुकट नांगर फिरवला, आता त्याच्या तोंडाला काळं. उद्या तुमच्या फौजीनं सही केली तर—

"चुप," रामसजीवन म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण मुलगा गप्प झाला. म्हातारा सुंभाला पीळ देत राहिला. मग म्हणाला, "फौजी भैयाला जे ठीक वाटेल ते ते करतील. मी काही बोलणार नाही. त्यांच्या तोंडावर त्यांना मी खोटं पाडू, हे काय बरं दिसतं?"

म्हणजे ह्यालाही सगळं ठाऊक होतं. अंगठा दिला तेव्हा नसेल, पण पुढे केव्हातरी त्यानं फॉर्मवर काय होतं ते कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. आणि दुरुस्तीचं विचारायला आला तेव्हाही त्यानं ते तोंडावर काढलं नव्हतं. कुणी कागद लिहिला हा विषयच काढला नव्हता. कांचननं रिकामा डबा घेतला आणि निघाली. गरम वाऱ्याची लू सुटली होती. डोक्यावर पदर घट्ट धरून चालताना तिला एकसारखं वाटत होतं की मागून कुणीतरी हाक मारावी. कुणी मारली नाही.

घरी बाळकृष्ण चुना कालवत बसला होता. उद्या कानूनगो येणार तर रेषा दिसायला हव्यात. बोटांना चुन्यानं भेगा पडून रक्त आलं होतं, ते त्यानं कपड्याला पुसलं होतं. संध्याकाळी दोघांनी मिळून मैदान आखलं. ती सुतळीचं टोक धरून पुढं जायची, तो वाकून मागून चुना सोडायचा. सेंटर सर्कलला दरवर्षी ती मध्ये खुंटीजवळ उभी राहायची आणि तो दोरी ताणून तिच्याभोवती फिरायचा. यंदा अर्ध्यावर थांबला, कमरेवर हात ठेवून.

"उद्या तू येऊ नकोस," तो म्हणाला.

"चहा कोण देणार?"

"चहा कुणी देईल."

ती दोरी धरून तशीच उभी राहिली. मग त्यानं उरलेलं वर्तुळ पुरं केलं.

*

रविवारी आठ वाजता कानूनगो आला, बोलेरोतून, डोक्याला ओला गमछा गुंडाळून. क्लबचे तीसेक लोक जमले होते, बरेचसे पोट सुटलेले, टक्कल पडलेले जुने खेळाडू, आणि आत्ताचे सात-आठ. अकरा आत्ताचे खेळाडू तर दोन वर्षांत एका वेळी जमले नव्हते. कडुनिंबाखाली एक टेबल आणि तीन खुर्च्या मांडल्या होत्या. कानूनगो, विजय आणि बाळकृष्ण बसले. कांचन थर्मास घेऊन आली होती. येऊ नको म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं, आणि त्यानंही परत म्हटलं नाही.

रामसजीवनला बोलावलं तेव्हा तो मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आला. खुर्ची नव्हती. सावली टेबलापुरतीच होती, तो उन्हात उभा राहिला. मागून कुणीतरी, आवाज विशीतला असावा, 'आले जमीनदार' म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. जुन्यांपैकी एकानंही त्यांना दटावलं नाही. एकजण बुटाची नाडी बांधायला वाकला.

कानूनगोनं नकाशा उघडला, खुंट्या मोजल्या, आणि नजर न उचलता विचारलं, "रामसजीवन तूच? हे तू पेरत होतास?"

"हाँ सरकार. धैंचा."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

रामसजीवनची पापणी उन्हानं लवत होती. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्याला आला आणि तिथंच लोंबत राहिला, कारण एक हात मुलाच्या खांद्यावर होता आणि दुसरा त्यानं जोडलेल्यासारखा छातीशी धरला होता. "फौजी भैया सांगतील," तो म्हणाला.

कानूनगोला गंमत वाटली. अंगठा तुझा, पीक तुझं, नाव तुझं, आणि सांगणार फौजी? नाव चढवायला किती दिलेस ते तरी आठवतंय का? मागची पोरं परत हसली. मुलाच्या जबड्याची शीर उडायला लागली. म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावरची बोटं आवळली, तेवढंच.

विजयनं दोन पानं बाळकृष्णासमोर ठेवली आणि त्यावर पेन ठेवलं. वारा होता, म्हणून पानाच्या कोपऱ्यावर त्यानं स्वतःचा मोबाइल ठेवला.

बाळकृष्णानं पेन उचललं. कांचन त्याच्या खुर्चीमागं होती, तिला फक्त त्याची मान दिसत होती, उन्हानं करपलेली, कॉलरपाशी चुन्याची पांढरी रेघ. पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. तो मैदानाकडे बघत होता. कालच आखलेलं, एवढ्या उन्हाळ्यातही मधूनमधून हिरवं राहिलेलं. पंचवीस वर्षांत ह्या माणसानं गावी घर बांधलं नव्हतं, एक गाडी घेतली नव्हती, मुलीबरोबर कुठे सहलीला गेला नव्हता. जे होतं ते हे. सही केली नाही तर हे जाईल, आणि मग तो सकाळी पाचला उठून काय करेल, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं.

पेन हलेना. पण तो ते खालीही ठेवेना.

"फौजी भैया, उन्हात लोक उभे आहेत," विजय हळूच म्हणाला.

कांचननं वाट बघितली. बाळकृष्णच बोलेल म्हणून बघितली. जुन्यांपैकी कुणी बोलेल म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. सगळे तिला ओळखीचे होते, सगळ्यांच्या जर्सी तिनं धुतल्या होत्या, आणि एकालाही तिच्याकडे बघता आलं नाही. मग तिनं थर्मास टेबलावर ठेवला. कपात चहा ओतायला आली असं समजून कानूनगोनं कागद बाजूला घेतले.

"साहेब, माझं ऐका," ती म्हणाली. बाळकृष्णाची मान ताठ झाली. पण तो वळला नाही, आणि तिला थांब म्हणाला नाही.

"रामसजीवनदादांनी काही केलेलं नाही. त्यांचं नाव आम्ही घातलं. ह्यांनी सांगितलं, मी लिहिलं. ते खोटं होतं, आणि इथं जितके जुने लोक उभे आहेत, त्या सगळ्यांना ते तेव्हापासून माहीत आहे."